नव्या एम-सिरीज मॅकवर जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर चालेल का?

पेठेतला डीटीपीवाला: सदाशिव पेठेत आमचं डीटीपीचं काम आहे, इंटेलवाला मॅक आता दमलाय म्हणून नवा घ्यायचाय, पण टायपिंगचं सॉफ्टवेअर अजून ॲपलच्या नव्या एम-सिरीज प्रोसेसरसाठी आलेलंच नाही आणि दिवाळी अंक तोंडावर आलेत, काय करू?

कोथरूडकर: बहुतेक चालेल. ॲपलचं रोझेटा २ हे सॉफ्टवेअर इंटेलसाठी लिहिलेला कोड नव्या प्रोसेसरसाठी ट्रान्सलेट करून चालवतं, पहिल्यांदा उघडायला जरा वेळ लागतो मग सुरळीत. ३२-बिट, म्हणजे फार जुन्या पद्धतीचं, असेल तर मात्र विसरा, ते २०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासूनच बंद आहे.

मॅकप्रेमी: ड्रायव्हर बघा आधी! कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर, रोझेटातून चालत नाही. प्लगइन (ॲपला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) इंटेलचं असेल तर बऱ्याचदा मूळ ॲपही 'गेट इन्फो'त टिक करून रोझेटातच उघडावं लागतं.

कोथरूडकर: आणि पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच आहे, अपडेटसाठी कंपनीच्या मागे आत्ताच लागा, जुना मॅक लगेच विकू नका हो.