मदत हवी आहे: भाच्याला स्किड (जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसण्याचा आजार), बीसीजीची गाठ पसरली, माझ्या येणाऱ्या बाळाच्या लसींचं काय करू?

नमस्कार. सविस्तर लिहितेय, कारण डॉक्टरांकडे जायच्या आधी काय विचारायचं ते नीट ठरवायचंय.

ताईचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. जन्मल्याबरोबर बीसीजी (टीबीची लस) आणि पोलिओचे थेंब दिले, दीड महिन्याला रोटाव्हायरसचे. बीसीजीची जागा सगळ्याच मुलांची पिकते, म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. पण याची जखम भरेचना, झबल्याच्या डाव्या बाहीला रोज पिवळा डाग. मग डाव्या काखेत लिंबाएवढी गाठ आली. तोंडातला पांढरा थर औषध थांबवलं की परत येई, जुलाब चालूच, वजन जागच्या जागी. जिथे दाखवत होतो तिथे 'लसीची गाठ आहे, जिरेल' एवढंच सांगत राहिले. दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी साध्या रक्ततपासणीच्या (सीबीसी) कागदावर लिम्फोसाइटच्या (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आकड्याभोवती पेनने गोल केला. ८००. या वयात ३००० च्या खाली आला तरी शंका घ्यायची असते म्हणाल्या. एक्स-रेमध्ये थायमसची (छातीतली, टी पेशी तयार करणारी ग्रंथी) सावली नव्हती. फ्लो सायटोमेट्रीत (लिम्फोसाइटचे प्रकार मोजणारी तपासणी) टी आणि एनके पेशी जवळजवळ नाहीत, बी पेशी आहेत. निदान स्किड. जनुकाचा रिपोर्ट यायचाय.

गाठीतल्या पुवात बीसीजीचेच जंतू निघाले, यकृतातही पोचल्याची शंका आहे. टीबीची औषधं सुरू आहेत, फक्त पायराझिनामाइड दिलेलं नाही, कारण या जंतूवर ते चालत नाही. आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या प्रतिपिंडांचं औषध) चालू आहे, बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी ताई-भावजींची तपासणी झाली.

हे सगळं ऐकल्यावर आई बोलली. आमच्या आधी तिला मुलगा झाला होता, सात महिन्यांचा असताना 'निमोनियाने' गेला. म्हणजे आजार आईकडून आलेला असू शकतो, आणि मीही वाहक असू शकते. मला आठवा महिना आहे. मुलगा की मुलगी ते जन्मल्यावरच कळणार.

लसींविरुद्ध बोलायला हा धागा काढलेला नाही. बाकीच्या बाळांना टीबीच्या मेंदूज्वरापासून बीसीजीच वाचवते. पण आमच्या घरात ती जन्मल्याबरोबर द्यायची का? प्रसूतिगृहात सिस्टर यादीप्रमाणे टोचून मोकळ्या होतात, त्यांना कसं थांबवायचं? आणि ताईच्या चार वर्षांच्या मुलीला पल्स पोलिओचे थेंब चालतील का?

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ, पुणे)

बीसीजी, पोलिओचे थेंब (ओपीव्ही) आणि रोटाव्हायरस, तिन्हींत जिवंत जंतू असतात. तपासणी नॉर्मल येईपर्यंत तिन्ही थांबवा. बीसीजी नंतरही देता येते, पण एकदा टोचली की परत काढता येत नाही. हिपॅटायटिस बी आणि व्हिटॅमिन के मात्र जन्मल्याबरोबर द्याच. मुलगी झाली तरी थांबा. भाच्याचं चित्र एक्स-लिंक्ड (आईकडून येणारा, बहुतेक मुलग्यांनाच होणारा) प्रकाराचं वाटतंय, पण जनुकाचा रिपोर्ट आलेला नाही आणि असंच चित्र मुलींना होणाऱ्या प्रकारातही दिसतं.

प्रसूतितज्ज्ञांकडून आत्ताच फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून घ्या: 'बीसीजी, ओपीव्ही देऊ नये, भावंडात स्किड'. 'भावंड' म्हणजे मावसभाऊ असं खाली स्पष्ट करा. जन्मल्यावर सीबीसी आणि लिम्फोसाइट सबसेट (टी, बी, एनके पेशींची मोजणी) करायचे. परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएचमध्ये (रक्तविकारांची राष्ट्रीय संशोधन संस्था) ही तपासणी होते, जवळच वाडिया बाल रुग्णालयात इम्युनॉलॉजी विभागही आहे. बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर इरॅडिएट केलेलं (किरणांनी त्यातल्या पांढऱ्या पेशी निष्प्रभ केलेलं) आणि सीएमव्ही (एक विषाणू) निगेटिव्हच हवं, हेही फाइलवर असू द्या. देव न करो, पण निदान झालंच तर संसर्ग होण्याआधी, साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेल्या बाळांचे निकाल खूपच चांगले आहेत.

भाचीला थेंब नकोत. लसीतला विषाणू शौचातून घरभर पसरतो. तिला इंजेक्शनची पोलिओ लस द्या. भाच्याला थेंब आधीच मिळालेत, तेव्हा त्याचं शौच पोलिओ विषाणूसाठी तपासलंय का, हे ताईला विचारायला सांगा. खर्चासाठी २०२१ चं दुर्मीळ आजार धोरण बघा. स्किड त्यात पहिल्या गटात आहे, ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत केईएम हे त्याचं केंद्र आहे.

धागाकर्ती

डॉक्टर, खूप आभार. फाइलवरची ओळ उद्याच लिहून घेते. शौचाच्या तपासणीबद्दल ताईला कोणी बोललेलंच नव्हतं. एकच विचारायचं राहिलं: बाळंतपण साताऱ्याला होणार आहे. सबसेटचा नमुना तिथून परळला पाठवायचा तर तो किती तासांत पोचायला हवा, आणि बर्फात ठेवायचा की नाही?