शब्दचर्चा : 'टायमर'ला काय म्हणावं – गणक, गजर की ठोका?

नव्या मायक्रोकंट्रोलरवर एक एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टिम पोर्ट करतोय (म्हणजे त्यावर चालेल अशी करून घेतोय) आणि मागून येणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहून ठेवतोय. सगळ्यात जास्त अडलो तो 'हार्डवेअर टायमर'पाशी. 'कालमापक' वापरून पाहिला, पण त्यातून वेळ मोजणारी वस्तू एवढंच कळतं. पोर्टिंगमध्ये या एका नावाखाली तीन गोष्टी येतात: सतत पुढे सरकणारा आकडा, तो ठरलेल्या किमतीला पोचला की इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारा संकेत) देणारी सोय, आणि शेड्युलर (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा भाग) ज्यावर चालतो ती टिक, म्हणजे ठराविक अंतराने येणारा इशारा. तिन्हींना एकच शब्द वापरला की वाचणाऱ्याची गल्लत होणारच. शिवाय ठरलेला वेळ संपून टायमर 'एक्स्पायर' होतो त्याला काय म्हणू? 'कालबाह्य' म्हणजे जुनाट, वापरातून गेलेलं. ते इथे बसत नाही.

प्रतिसाद :

'टायमर' तसाच राहू द्या, तो सगळ्यांना कळतो. आतल्या भागांना मात्र वेगळी नावं हवीतच. सरकणारा आकडा तो गणक. इंटरप्ट देतो तो गजर. टिकला 'ठोका' म्हणा.

'ठोका' मला फार नेमका वाटतो, कारण तो ठराविक अंतरानेच पडायचा असतो आणि चुकला तर लगेच जाणवतो. काळजाचा ठोका चुकतो म्हणतो ना आपण, तसंच. एका टिकपेक्षा जास्त वेळ इंटरप्ट बंद ठेवले तर इथेही ठोका चुकतो आणि सिस्टिमचं घड्याळ मागे पडतं. कॉर्टेक्स-एम या प्रोसेसरांमधला सिसटिक नावाचा टायमर २४ बिटांचा, उलटा मोजत शून्यावर येणारा. ७२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर दर मिलिसेकंदाला ठोका हवा तर त्यात ७१,९९९ भरायचे, ७२,००० नाही. शून्य हीसुद्धा एक पायरी असते.

'गजर' शब्दाचा फायदा मला एका चुकीने शिकवला. माझा गणक १६ बिटांचा होता, मायक्रोसेकंदाला एक पाऊल टाकणारा. एखादं काम मधूनच ६५ मिलिसेकंद उशिरा व्हायचं. दोन दिवस शेड्युलर चाळत बसलो. दोष होता तो इतकाच: पुढची वेळ काढून कम्पेअर रजिस्टरमध्ये (गणकाशी ताडून पाहायची किंमत ठेवतात त्या जागेत) लिहीपर्यंत गणक तिच्यापुढे निघून गेलेला असायचा. मग ६५,५३६ पावलांचा अख्खा फेरा पुरा झाल्यावरच इंटरप्ट यायचा. सहाचा गजर सहा वाजून एक मिनिटाने लावला, तर तो पुढच्या फेऱ्यातच वाजणार. 'कम्पेअर मॅच' असं वाचताना हे डोळ्यांपुढे आलंच नव्हतं.

एक्स्पायरसाठी 'मुदत भरली' म्हणा. 'घटका भरली' हेही सुचलं होतं. घटिकापात्र भरून बुडतं, रिकामं करून पुन्हा पाण्यावर ठेवतात, म्हणजे थेट ऑटो-रीलोडच (टायमर संपला की आपोआप पुन्हा सुरू होणं)! पण आज 'घटका भरली' ऐकलं की माणसाला मरण आठवतं, म्हणून सोडून दिलं.

मूळ प्रश्नकर्ता :

'मुदत भरली' घेतो, आणि 'गजर'ही. तुमच्या लिहिण्यातला 'फेरा' ओव्हरफ्लोसाठी उचलतो. 'ओसंडणं' लिहिलं होतं, पण गणकातून काही सांडत नाही, तो पुन्हा शून्यावर येतो. मिलिसेकंद मोजणाऱ्या ३२ बिटी गणकाचा फेरा साधारण ४९.७ दिवसांनी पुरा होतो, त्यामुळे चाचणीत तो सहसा दिसत नाही. तिथे 'आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का' असं न विचारता दोन्हींची वजाबाकी करून तिचं चिन्ह बघायचं, हे ठळक लिहितोय.

गजराचं वाक्य आता असं केलंय: 'गजर लावल्यावर गणक पुन्हा एकदा वाचा. मुदत आधीच भरली असेल, तर इंटरप्टची वाट न पाहता तिथल्या तिथे काम उरका.'