रोव्हरच्या दोन कॅमेऱ्यांत अंतर किती ठेवायचं?

बडोदा_रोबो: नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्यात इंजिनिअरिंग करणारे चौघं मिळून चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरसारखी छोटी गाडी बनवतोय. पुढे ६ सेंमी अंतरावर दोन वेबकॅम लावलेत, ६४० पिक्सेल रुंद, साधारण ६० अंशांचं दिसतं. दोन्ही फोटोंत दगड किती सरकलेला दिसतो, त्यावरून त्याचं अंतर काढतो. मीटरभरापर्यंत दगडाचं अंतर बरोबर येतं पण ३ मीटरवर नुसतं नाचतं, एकदा २.८ तर पुढच्या फ्रेमला ३.३. बाकीचे म्हणतात फोरके, म्हणजे जास्त पिक्सेलचे कॅमेरे घेऊ. घ्यावा का? पैसे एकदाच आहेत.

दांडियाबाजारवाला: अरे थांब, आधी हिशोब कर. तुझी फोकल लेंग्थ (लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं अंतर) पिक्सेलमध्ये ५५४ येते, म्हणजे ३ मीटरवरचा दगड दोन फोटोंत फक्त ११ पिक्सेल सरकतो, त्यात १ पिक्सेल चुकला की पाव मीटरच्या वर गंडलं, आणि ही चूक अंतराच्या वर्गाने वाढते, ६ मीटरवर सरळ एक मीटर. फोरकेने पिक्सेल वाढतील हे खरं पण तुझा गाडीवरचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड ते चघळत बसेल. तेच वेबकॅम एकमेकांपासून २४ सेंमी लांब बसव, ३ मीटरवरची चूक ७ सेंमीवर येते. नासाच्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या मंगळावरच्या रोव्हरवर सेन्सर सगळीकडे एकच, १०२४ बाय १०२४ पिक्सेल, पण हॅझकॅमची (चाकापुढचे अडथळे बघणारी) जोडी १० सेंमीवर, नॅव्हकॅमची (वाट ठरवणारी) २०, पॅनकॅमची (लांबचं बघणारी) ३०, आणि लेन्स १२४, ४५, १६ अंशांच्या. चाकापुढचं बघायचंय की लांबची टेकडी, एवढ्यावरून सगळं ठरवलं, मला हे फार आवडतं.

कोतरातला: दादांचं बरोबर, फक्त कॅमेरे बसवायची पट्टी कडक घे. आमची थ्रीडी प्रिंटची होती, मे महिन्यात गच्चीवर उन्हाने वाकली, कॅलिब्रेशन (दोन कॅमेऱ्यांची एकमेकांशी केलेली मोजणी) गेलं आणि आम्ही दोन दिवस कोडमध्ये बग शोधतोय! अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप लाव. आणि वेबकॅमला बहुतेक रोलिंग शटर असतं, म्हणजे फोटो एकेक ओळ करून घेतला जातो, हलताना तो वाकडा येतो; चालता चालता फोटो काढू नको, थांबून काढ. प्रज्ञानचंही तसंच होतं, नॅव्हकॅमचे फोटो विक्रम लँडरमार्फत खाली यायचे, इथे पृथ्वीवर उंचसखल नकाशा बनायचा, मग पुढची आज्ञा. २७ ऑगस्ट २०२३ ला बरोबर ३ मीटर पुढे ४ मीटर व्यासाचा खड्डा दिसला आणि गाडी मागे वळवली. म्हणजे तुझं जिथे नाचतंय तिथेच खरा निर्णय होता बघ.

बडोदा_रोबो: बापरे, हे डोक्यातच नव्हतं. पण २४ सेंमीवर अगदी जवळचं दिसेल का?

दांडियाबाजारवाला: चांगलं विचारलंस. सर्च रेंज, म्हणजे दुसऱ्या फोटोत तोच दगड किती पिक्सेलपर्यंत शोधायचा ते, १२८ ठेवलीस तर मीटरभराच्या आतलं जाणार. १५ सेंमी करून बघ, ६५ सेंमीपासून पुढचं मिळेल आणि ३ मीटरवर चूक ११ सेंमीच्या आसपास. तुझं चाक केवढा दगड चढतं त्यावरून ठरव.

कोतरातला: आणि टेस्ट सिंधरोटला महीच्या वाळूत कर, पण सकाळी सातच्या आत. दुपारी ऊन डोक्यावर आलं की वाळू सपाट पांढरी दिसते, जुळवायला खुणाच सापडत नाहीत. रविवारी आम्ही जातोय, गाडी घेऊन ये.