कस्टमर डेटा आतलाच माणूस पळवतो, मग स्टाफच्या स्क्रीनवर नजर ठेवायची की नाही?

गल्ला_सांभाळा
माझं मत सरळ आहे, पटलं नाही तर खुशाल भांडा. सगळे धंदेवाले हॅकरच्या धास्तीने फायरवॉल आणि अँटीव्हायरसवर खर्च करतात, आणि कस्टमरची अख्खी यादी नोटीस पिरियडवरचा माणूस एक्सेलमध्ये काढून निवांत घेऊन जातो. त्याला काही फोडावं लागत नाही, पासवर्ड आपणच दिलेला असतो. 2019 मध्ये अँटीव्हायरस विकणाऱ्या ट्रेंड मायक्रोच्याच एका कर्मचाऱ्याने सपोर्टच्या डेटाबेसमधून हजारो ग्राहकांची माहिती काढून विकली, आणि त्या ग्राहकांना 'आम्ही कंपनीतून बोलतोय' म्हणून भामट्यांचे फोन जायला लागले तेव्हा कुठे कंपनीला संशय आला. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर कुंपणावरच कॅमेरा लावा की! स्क्रीन रेकॉर्डिंग, पेनड्राईव्ह बंद, पर्सनल मेल बंद. ज्याच्या मनात काही नाही त्याने चिडायचं कारण काय?

नाईट_शिफ्ट
चिडायचं कारण सांगतो. मी सपोर्टला बसतो. स्क्रीन रेकॉर्ड होते म्हणजे माझ्यासमोर उघडलेला प्रत्येक ग्राहकाचा पत्ता, फोन, तक्रार सगळं त्या व्हिडिओत जातं, म्हणजे जपायचा म्हणून तुम्ही डेटाची अजून एक कॉपी बनवली, ती बघणारा सुपरवायझर काय आभाळातून पडला का?

आणि स्टाफची माहिती गोळा करायची सवय लागली की मालक थांबत नाहीत. एचअँडएम या कपड्यांच्या कंपनीच्या जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मॅनेजर लोक कर्मचाऱ्यांचं आजारपण, घरच्या भानगडी, धर्म असलं सगळं नोंदवून ठेवत होते. 2019 मध्ये सेटिंगची चूक झाली आणि ते काही तास अख्ख्या कंपनीला उघडं पडलं. 2020 मध्ये 3.53 कोटी युरो दंड बसला. घ्या, लावा नजर.

गल्ला_सांभाळा
@नाईट_शिफ्ट ते घरगुती चौकशा करत होते हो, मी कामाच्या लॅपटॉपबद्दल बोलतोय. दोन्हीची मिसळ करू नका.

क्वेरीवाला
दोघंही स्क्रीनमध्येच अडकलात. मी डेटाबेस सांभाळतो, माझा प्रश्न वेगळा आहे: एका माणसाला एका दिवसात किती ग्राहक बघायला लागतात? सपोर्टवाल्याला फार तर पन्नास-साठ, तेही ज्यांची तक्रार समोर आली आहे तेवढेच. मग त्याच्या लॉगिनला सगळी यादी सर्च करता येते कशाला, आणि एक्स्पोर्टचं, म्हणजे यादी फाईलमध्ये बाहेर काढायचं बटन दिसतंच कशाला?

2017 चं बूपाचं प्रकरण बघा, हेल्थ इन्शुरन्सवाली ब्रिटिश कंपनी. एका कर्मचाऱ्याने सिस्टिममधून 5 लाख 47 हजार लोकांची माहिती काढून स्वतःच्या मेलवर पाठवली आणि ती डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या चोरबाजारात, विक्रीला आली. सिस्टिमचा लॉग, म्हणजे कोणी काय उघडलं-काढलं याची नोंद, होता, पण तो कोणी नियमित बघतच नव्हतं! एवढी मोठी यादी बाहेर जाते आणि अलार्म वाजत नाही, तिथे कॅमेरा लावून काय करणार, व्हिडिओपण कोणी बघितला नसता.

त्याहून भारी कॅनडातल्या देजार्दां या वित्तसंस्थेचं. तिथे चोराला मूळ डेटा वेअरहाऊसचा, म्हणजे सगळी माहिती साठवलेल्या जागेचा, मर्यादितच अॅक्सेस होता. बाकीचे सहकारी कामाच्या सोयीसाठी तिथला डेटा काढून शेअर्ड ड्राईव्हवर (सगळ्यांना उघडता येणारं फोल्डर) टाकायचे, आणि तो तिथून उचलून पेनड्राईव्हवर घ्यायचा. निदान 26 महिने हे चाललं आणि 97 लाख लोकांची माहिती गेली. मूळ ठिकाणी कुलूप होतं राव, कॉपी उघड्यावर पडल्या होत्या. आपल्याकडे कोणत्या फोल्डरमध्ये किती जुन्या यादीच्या कॉप्या पडल्यात ते आधी शोधा, मॉनिटरिंगचं नंतर बोलू.

टार्गेट_पूर्ण
सेल्समधला माणूस म्हणून बोलतो, शिव्या पडतील. ज्या ग्राहकाशी मी वर्षानुवर्षं बोललो, ज्याचा फोन मी सुट्टीतही उचलला, तो 'कंपनीचा डेटा' कसा? नोकरी सोडताना नंबर माझ्या मोबाईलमध्ये असतातच की. याला चोरी म्हणणं जरा जास्त होतंय.

क्वेरीवाला
@टार्गेट_पूर्ण ओळख तुमची, ती कोण काढून घेणार. पण कोणाला काय भाव दिला, कोणाचं काँट्रॅक्ट कधी संपतंय, ही माहिती कंपनीच्या सिस्टिममधली आहे. आणि त्या ग्राहकाने नंबर कंपनीला दिला होता, तुमच्या पुढच्या मालकाला नाही, त्याला कोणी विचारलं का?

टार्गेट_पूर्ण
मग कंपनीने फोन द्यावा. आमच्याच व्हॉट्सअॅपवरून धंदा करून घ्यायचा आणि जाताना डेटा डेटा करायचं.

क्वेरीवाला
हे मात्र बरोबर आहे.

दोघांचं_ऑफिस
मोठ्यांच्या गप्पा छान आहेत, पण आमच्याकडे एकच लॉगिन सगळे वापरतात. चोरी झाली तर कोणी केली हेच कळणार नाही. आम्ही काय करायचं?

नाईट_शिफ्ट
@दोघांचं_ऑफिस पहिलं काम, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. दुसरं, माणूस गेला की त्याच दिवशी बंद, निरोपाच्या पार्टीच्या आधी. कॅश अॅप या पैसे पाठवायच्या अमेरिकन अॅपच्या बाबतीत नोकरी सोडून गेलेल्या माणसाने डिसेंबर 2021 मध्ये रिपोर्ट डाउनलोड केले, 82 लाख ग्राहकांना कळवावं लागलं. आणि यादीत दोन-चार खोटे ग्राहक घालून ठेवा, तुमच्याच ताब्यातले नंबर आणि मेल देऊन. त्यांच्यावर भलत्याच कंपनीची जाहिरात आली की समजा यादी फुटली. प्रत्येकाला दिलेल्या यादीत वेगळा खोटा ग्राहक घातला तर कोणाकडून फुटली तेही कळतं.

गल्ला_सांभाळा
हे आवडलं. पण लाच दिली तर? कॉइनबेस या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीने मे 2025 मध्ये सांगितलं की परदेशातल्या सपोर्टवाल्यांना पैसे चारून ग्राहकांची माहिती काढली, मग कंपनीकडेच 2 कोटी डॉलर मागितले. कंपनीने ते न देता तेवढंच बक्षीस चोर पकडून देणाऱ्याला जाहीर केलं. असा माणूस सरळ मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढतो, तुमच्या एक्स्पोर्ट बटनाला विचारतो कोण?

क्वेरीवाला
म्हणूनच पूर्ण नंबर दाखवायचाच नाही, शेवटचे चार आकडे दाखवा, आणि कॉल सिस्टिममधूनच लागू दे. फोटो काढला तरी एकेक रेकॉर्ड उघडूनच काढावा लागेल ना, मग तक्रार नसताना हा माणूस तीनशे ग्राहक का उघडतोय हे लॉगमध्ये दिसतं. चोरी अशक्य होईल असं मी म्हणत नाहीये, पण अख्खी यादी एका क्लिकवर जाणार नाही.

गल्ला_सांभाळा
आणि तो लॉग सांभाळणार कोण, तुम्हीच ना? तुम्हीच फुटलात तर?

क्वेरीवाला
लॉग माझ्या सर्व्हरवर ठेवायचाच नाही, तो अशा ठिकाणी जाऊ दे जिथे मला डिलीटची परवानगी नाही, आणि तो बघणारा माणूस माझ्या हाताखालचा नसावा. मोठा एक्स्पोर्ट काढायचा तर दोन जणांची मंजुरी लागावी.

नाईट_शिफ्ट
आमच्याकडे दुसरी मंजुरी ज्यांची लागते त्या साहेबांचा पासवर्ड त्यांच्या मॉनिटरवर चिकटवलाय 😄