‘डॉक्टर, तेवढं एक सर्टिफिकेट द्या की’ : रजेच्या दाखल्यांचे अनुभव

आजारी माणसाला रजेचा दाखला देणे हा आपल्या कामाचाच भाग आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. हा धागा आहे तो आजारी नसलेल्या, किंवा ज्या दिवसांत आजारी होतो असे सांगतो त्या दिवसांत दवाखान्याकडे फिरकलाही नाही, अशा माणसाच्या मागणीबद्दल. अशा वेळी आपण काय बोलतो, काय लिहितो, कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवतो आणि त्यातून पुढे काय निष्पन्न होते, हे व्यवसायबंधूंनी आणि भगिनींनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील टाळावा. कार्यालये, कंपन्या आणि महाविद्यालये यांची नावेही देऊ नयेत.

सुरुवातीला नियमांची उजळणी करतो. भारतीय वैद्यक परिषदेचे व्यावसायिक आचरणाविषयीचे २००२ चे विनियमच आपल्याला आजही लागू आहेत, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये निघालेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले. दिलेल्या प्रमाणपत्रांचे रजिस्टर ठेवावे, प्रत्येकाची प्रत जपावी, त्यावर रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि किमान एक ओळखखूण घ्यावी, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. रजेच्या दाखल्याचा नमुना परिशिष्टात दिलेला आहे. त्यात रुग्णाची सही आधी येते आणि डॉक्टर ‘काळजीपूर्वक तपासणी केल्यानंतर’ प्रमाणित करतो, अशी वाक्यरचना आहे. असत्य किंवा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र दिल्यास वैद्यकांच्या नोंदवहीतून नाव काढले जाऊ शकते. शिवाय भारतीय दंड संहितेतील १९७ आणि १९८ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २३४ आणि २३५ या क्रमांकांनी आली आहेत. कायद्याने आवश्यक किंवा पुराव्यात ग्राह्य असलेले प्रमाणपत्र खोटे असल्याचे माहीत असून देणाऱ्यासाठी पहिले कलम आहे आणि ते जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी दुसरे. हे दुसरे कलम सांगितले की पुष्कळांचा आग्रह तिथेच ओसरतो, असा माझा अनुभव आहे.

जनरल प्रॅक्टिशनर, सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव

आमच्याकडे ही मागणी लगीनसराईत आणि जत्रांच्या दिवसांत वाढते. मागणी करणारा माणूस अनोळखी नसतो, हीच खरी अडचण आहे. त्याच्या वडिलांना ऑपरेशनसाठी मीच पुढे पाठवलेले असते, त्याच्या मुलाची लस माझ्याच दवाखान्यात टोचलेली असते आणि आठवडी बाजारात तो आपुलकीने माझ्या पिशवीत दोन कणसे जास्तीची टाकतो. तेव्हा ‘नाही’ हा शब्द रुग्णाला उद्देशून असला, तरी तो अख्ख्या घराच्या कानावर जातो.

पतसंस्थेत काम करणारे एक गृहस्थ असेच आले. मागच्या सोमवारपासून शनिवारपर्यंत ताप होता असे लिहून द्या, असे त्यांनी सांगितले. त्या दिवसांत औषध कोणाचे घेतले, असे विचारल्यावर "घरीच काढलं अंगावर" असे उत्तर आले. मी त्यांचा केसपेपर काढला, नाडी, तापमान, रक्तदाब तपासला आणि दाखल्यावर लिहिले की, रुग्णाच्या सांगण्यानुसार गेल्या आठवड्यात ताप होता. आजच्या तपासणीत ताप नाही व अन्य दोष आढळला नाही. आजपासून कामावर रुजू होण्यास हरकत नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"हे तर फिटनेस झालं की, डॉक्टर."

"फिटच आहात तुम्ही."

"साहेब चालवणार नाहीत हे."

"चालवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मी जे बघितलं तेवढं लिहिलंय."

त्यांची ती रजा बिनपगारी झाली, असे नंतर कानावर आले. वर्षभर त्यांनी माझ्याशी बोलणे टाळले, पण आईला रक्तदाबासाठी माझ्याकडेच पाठवत राहिले. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ आणि ‘तपासणीत आढळले’ यांतली रेघ मी कधीही पुसट होऊ देत नाही. मागणारा खोटे बोलतो आहे असे मला म्हणावे लागत नाही, त्यालाही अपमान वाटत नाही, आणि कागदावर एकही असत्य अक्षर उमटत नाही.

नातेवाइकांचे प्रकरण मात्र याहून अवघड असते. पत्नीचे मामा एकदा म्हणाले, "जावईबापू, तुमच्या सहीला काय पैसे पडतात?" सहीखाली माझा नोंदणी क्रमांक असतो आणि तो गेला तर मला दवाखान्याला कुलूप लावावे लागेल, हे त्यांना समजावताना माझा चहा गार झाला. समजले की नाही, ते ठाऊक नाही. मात्र दिवाळीला त्यांनी फराळ पाठवला नाही.

स्त्री डॉक्टर, फॅमिली प्रॅक्टिस, पुणे

माझ्या दवाखान्याच्या आसपास महाविद्यालये आणि खासगी शिकवण्या दाटीने आहेत, त्यामुळे सत्र संपत आले की उपस्थितीचे ७५ टक्के भरून काढण्यासाठी दाखल्यांची मागणी सुरू होते. बारावीची मुले दिवसभर क्लासमध्ये असतात, कनिष्ठ महाविद्यालयात त्यांचे नाव केवळ पटावर असते आणि अखेरीस महाविद्यालयच त्यांना ‘मेडिकल आणा’ असे सांगते. मुलापेक्षा पालकच अधिक तयारीने आलेले असतात. किती दिवसांसाठी कोणता आजार पुरतो, याचे गणित त्यांना तोंडपाठ असते : चार दिवसांना व्हायरल, दोन आठवड्यांना टायफॉइड, महिनाभराला कावीळ. एका वडिलांनी मला सुचवले, "मॅडम, कावीळच लिहा, म्हणजे महिना सरळ धरला जाईल." मी त्यांना विचारले की, महिनाभर कावीळ झालेल्या मुलाचा बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीच्या रक्ततपासणीचा, एकही रिपोर्ट नाही, हे प्राचार्यांनी विचारल्यावर काय सांगायचे? तेव्हा ते म्हणाले, "विचारत नाहीत हो कोणी." त्यांचे म्हणणे खरे होते आणि त्याचाच मला संताप आला. महाविद्यालयाला सत्य नको आहे, फाइलमध्ये लावायला कागद हवा आहे, आणि त्यासाठी मुलाला अठराव्या वर्षी खोटे बोलण्याचा पहिला सराव आई-वडिलांच्या देखत करावा लागतो.

अशा मागणीला नकार देऊन लगेच पुढचा पेशंट बोलवावा असे मात्र मला वाटत नाही, आणि त्याचे कारण एक विद्यार्थिनी आहे. तिने टायफॉइडचा दाखला मागितला. ताप कधी आला होता, रक्त कुठे तपासले, असे दोन-तीन प्रश्न विचारल्यावर ती गप्प झाली. मी मदतनीस बाईंना दार लोटून घ्यायला सांगितले. थोड्या वेळाने कळले की ती कित्येक आठवडे धड झोपलेली नव्हती, जेवण सुटले होते, सकाळी खोलीबाहेर पडण्याचे बळ नव्हते आणि हे घरी सांगण्यापेक्षा टायफॉइड सांगणे तिला सोपे वाटत होते. दाखला मागायला आली म्हणून ती डॉक्टरपर्यंत पोहोचली, एरवी आलीच नसती. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, त्यांनी तपासून उपचार सुरू केले आणि ‘वैद्यकीय उपचार सुरू असून विश्रांतीची गरज आहे’ एवढाच मजकूर असलेला दाखला त्यांच्या तपासणीच्या तारखेपासून दिला. निदान उघड करू नये ही तिची इच्छा होती. मागच्या दिवसांबद्दल आम्ही दोघांनीही काही लिहिले नाही. तो प्रश्न तिच्या आईने प्राचार्यांशी बोलून सोडवला.

निवृत्त विमा वैद्यकीय अधिकारी, कामगार विमा दवाखाना, ठाणे-बेलापूर पट्टा

कर्मचारी राज्य विमा योजनेत दाखला म्हणजे थेट पैसा. पात्र कामगाराला आजारपणाच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस लाभ मिळतो आणि तो आमच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. कोकणातील कामगारांची गर्दी गणपतीच्या आणि शिमग्याच्या आधी वाढायची, आणि त्या आठवड्यात कंबरदुखीची साथ यायची. कंबरदुखीच का, तर ती रक्तात दिसत नाही आणि एक्स-रेतही बहुधा दिसत नाही.

परंतु मी या विषयाकडे केवळ लबाडी म्हणून पाहू शकलो नाही. कंत्राटी कामगाराला गावी जायला हक्काची रजा मिळत नसे, आणि दिवसभर गोण्या उचलणाऱ्या माणसाची कंबर खरोखरच दुखत असे. फक्त ती नेमकी चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुखण्यावर माझा आक्षेप असे. मी प्रत्येकाला पलंगावर झोपवून पाय सरळ वर उचलून पाहत असे, वाकायला सांगत असे आणि आढळले तर दोन-तीन दिवस देऊन पुन्हा तपासणीला बोलावत असे. ज्याला गावी जायचे असे तो "तीन दिवसांनी परत यायचं?" एवढे विचारून स्वतःच उठून जाई. वाद घालण्याची वेळ फार क्वचित आली.

दुसऱ्या बाजूने येणाऱ्या मागणीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागातून फोन येत : अमुक माणसाला नेमके काय झाले आहे ते सांगा, तो युनियनमध्ये आहे, त्याला लगेच फिट करा. एका अधिकाऱ्याने तर बोटाला टाके पडलेल्या कामगाराबद्दल मला ऐकवले की, दुसरा हात चालतो ना, मग पाठवा. आजारी नसलेल्याला आजारी म्हणणे आणि आजारी असलेल्याला तंदुरुस्त म्हणणे हे दोन्ही सारखेच खोटे दाखले आहेत, आणि दुसऱ्याने माणसाला इजा होते. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याच्या आजाराची माहिती देणार नाही, शंका असेल तर लेखी कळवा, एवढेच मी सांगत असे. लेखी पत्र फारसे कोणी पाठवत नसे.

जनरल प्रॅक्टिशनर, मराठवाडा

वरील मुद्द्याला जोडून लिहितो. व्यावसायिक वाहनचालकाच्या परवान्यासाठी नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. एक एजंट फोटो चिकटवलेल्या अर्जांचा गठ्ठाच घेऊन आला. अर्जदारांपैकी एकही जण सोबत नव्हता. त्या अर्जावर डॉक्टरने असे प्रमाणित करायचे असते की, हा माणूस चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचू शकतो आणि लाल-हिरवा रंग ओळखू शकतो. मी म्हटले, माणसे पाठवा. त्याने गठ्ठा उचलला आणि तो रस्त्यापलीकडे गेला. मिरगी येणाऱ्या एका ट्रकचालकाने याच फॉर्मवर सही मागितली होती; त्याला मी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवले आणि त्याच्या भावाला समोर बसवून, याला स्टेअरिंगवर का बसू देऊ नये, हे सांगितले. घरात कमावता तो एकटाच होता. त्या नकाराइतका जड नकार मला कोणताच गेला नाही.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

निवडणूक जाहीर झाली की प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी आमची ओपीडी शिक्षक आणि लिपिकांनी भरते. दाखला मिळाला की ड्यूटी रद्द होते, असा समज असतो. आम्ही तपासून जे दिसेल ते लिहितो आणि जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडे पाठवतो. मंडळाचे नाव काढताच अर्धी रांग विरघळते. पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांचे फोन येतात, त्यांनाही मी हेच सांगतो आणि फोन आल्याची वेळ डायरीत टिपून ठेवतो. उरलेल्या रांगेत मात्र डायलिसिसवर असलेला माणूस असतो, सातव्या महिन्याची गरोदर शिक्षिका असते. खोट्यांच्या गर्दीमुळे त्यांच्याकडेही संशयाने पाहिले जाते, याचे वाईट वाटते.

मराठी डॉक्टर, जनरल प्रॅक्टिस, इंग्लंड

मी पुण्यात शिकून इकडे आलो. येथे आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरचा दाखला लागत नाही. कामगार स्वतःच फॉर्म भरून देतो. मालकाने तरीही मागितला, तर तो खासगी समजून आम्ही शुल्क घेऊ शकतो. त्यानंतरच्या दाखल्याला २०१० पासून ‘फिट नोट’ म्हणतात आणि त्यात ‘कामास योग्य नाही’ याशिवाय ‘काही बदल केल्यास काम करू शकेल’ असाही पर्याय असतो : कमी तास, हलके काम, हळूहळू पूर्ववत होणे. खोट्या मागण्या येथेही होतात, विशेषतः मालकाशी भांडण झालेल्यांच्या. पण दोन दिवसांच्या सर्दीसाठी दवाखान्यात रांग लावणारा माणूस मला येथे सहसा दिसत नाही, आणि वर पुण्याच्या डॉक्टरांनी महाविद्यालयाबद्दल लिहिले आहे ते वाचताना हा फरक मला प्रकर्षाने जाणवला.

जनरल प्रॅक्टिशनर, नागपूर

एका बँकेतून फोन आला की, तुमच्या दवाखान्याच्या लेटरहेडवरचा दाखला आमच्याकडे आला आहे, खात्री करून द्या. रजिस्टर पाहिले तर त्या तारखेला त्या नावाची नोंदच नव्हती. छायाप्रत मागवली, लेटरहेड जुना होता, सही माझ्या सहीसारखी काढलेली होती आणि ओळखखुणेची जागा कोरी होती. औषधाच्या चिठ्ठीवरून कोणीतरी तो बनवला होता. हा दाखला मी दिलेला नाही एवढेच मी लेखी कळवले आणि रजिस्टरमधील त्या तारखेच्या रकान्याची प्रत जोडली. रजिस्टर लिहायला कंटाळा येतो असे ज्यांना वाटते, त्यांच्या माहितीसाठी सांगतो की माझे सगळे उत्तर त्या एका रकान्यावर उभे होते. आता दाखल्यांसाठी वेगळे, अनुक्रमांक छापलेले पुस्तक ठेवले आहे आणि औषधाच्या चिठ्ठीवर ‘प्रमाणपत्रासाठी ग्राह्य नाही’ असे खाली छापून घेतले आहे.