अनुभव धागा: पडद्यावर देखणं, कागदावर भलतंच

गणपती जवळ आले की इंदुरातल्या प्रत्येक मराठी मंडळात एक बकरा शोधला जातो. ज्याला कोरल (कोरलड्रॉ, पत्रिका-चित्रं करायचं सॉफ्टवेअर) येतं तो. आमच्या राजेंद्रनगरच्या मंडळात गेली सहा वर्षं तो मी आहे. पत्रिका घरी करायची, पेन ड्राइव्हवर घालायची आणि खजुरी बाजाराच्या बाजूच्या एखाद्या दुकानात लेझर प्रिंट काढायची. ऐकायला सोपं वाटतं ना?

पहिल्या वर्षी दुकानातल्या पडद्यावर माझी पत्रिका उघडली तेव्हा ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या, डॉलर आणि एक उलटं प्रश्नचिन्ह होतं. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच घरात भाड्यानं राहतात. फॉन्ट मशीनवर नसला की मूळ मालक बाहेर येतो. दुकानदार म्हणाला, ‘भिया, कर्व्ह करके लाना था.’ कर्व्ह म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं, मग फॉन्ट लागत नाही. घरी गेलो, सगळं सिलेक्ट केलं, कंट्रोल क्यू दाबलं, परत आलो. आता सगळं ठीक, फक्त आरतीच्या वेळेची चौकट तशीच डॉलर-टोप्यांत. ती चौकट पॉवरक्लिपच्या (दुसऱ्या आकाराच्या आत वस्तू बसवायची कोरलची सोय) आत होती आणि ‘सिलेक्ट ऑल’ पॉवरक्लिपच्या पोटात शिरत नाही. लॉक केलेल्या वस्तूही सुटतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून धागा काढतोय. तुमच्यावर काय बेतलं ते लिहा. उपाय सापडला असेल तर तोही.

लोकमान्यनगर, गृहिणी आणि मंडळाची चिटणीस

माझा त्रास उलटा. फॉन्ट दुकानात होता! मी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये हळदीकुंकवाचं निमंत्रण केलं, कर्व्ह न करताच दिलं. ऑपरेटर मुलगा भला, पण हिंदी. दोनशे प्रती घेऊन घरी आले तर ‘सौ. काळे’ यांची झाली ‘सौ. काले’, आणि खाली ‘वेळ’च्या जागी ‘वेल’. विचारायला गेले तर अगदी प्रेमानं म्हणाला, ‘आंटी, आपका ल उल्टा-सीधा छप रहा था, मैंने ठीक कर दिया.’ रागावू कशी? काळे वहिनींनी मात्र वर्षभर ऐकवलं. तेव्हापासून मी कर्व्ह करते, तेही फॉन्ट नाही म्हणून नव्हे, तर कोणी सुधारू नये म्हणून.

रामबाग, स्क्रीन प्रिंटिंग, तीस वर्षं

लग्नपत्रिकांचं काम. आम्ही लेझरवर बटर पेपर काढतो आणि त्यावरून स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, उजेडात एक्स्पोज करतो. गिऱ्हाईक लाल-सोनेरी डिझाइन आणतं आणि म्हणतं असंच मारा. काळ्या लेझरला लाल कळत नाही. तो त्याचा करडा करतो आणि करडा म्हणजे ठिपके. बारीक अक्षराची कड ठिपक्यांत गेली की स्क्रीनवर ती कुरतडल्यासारखी उमटते. म्हणून आधी प्रत्येक रंगाची वेगळी प्रत करायची आणि त्या प्रतीतलं सगळं के, म्हणजे निव्वळ काळा, शंभर टक्के. करडं काही म्हणता काही ठेवायचं नाही. दुसरं म्हणजे बटर पेपर लेझरच्या गरमीनं आक्रसतो. दोन रंगांचे दोन कागद एकापाठोपाठ एक, एकाच ट्रेमधून आणि एकाच दिशेनं काढा. एक सकाळी आणि एक संध्याकाळी काढलात तर गणपतीची सोंड एकीकडे आणि मोदक दुसरीकडे. टोनर पातळ असेल तर काळं उजेडाकडे धरून बघा, सुईची भोकं दिसतील. मी अजून मार्करनं भरतो. हसा.

सुदामानगर, विद्यार्थिनी

माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये रंगीत आलेख फक्त अकरा पानांवर होते. बिल मात्र सगळ्या पानांचं रंगीत लागलं. भांडले, मग कळलं की चूक माझीच. कोरलमधून आणलेली शीर्षपट्टी आरजीबी काळ्यात, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतल्या काळ्यात, होती. रंगीत मशीन तो काळा चार टोनर मिसळून बनवतं आणि मशीनचं मीटर ते पान रंगीत मोजतं. शिवाय जवळून पाहिलं तर अक्षराच्या कडेला निळसर-गुलाबी सावली होती. आता मजकूर काळा म्हणजे फक्त के, बाकी तिन्ही रंग (निळसर, गुलाबी, पिवळा) शून्य.

इंदूरच, गाव सांगत नाही

घरच्या लेझरमध्ये इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर घातला. लेप वितळून रोलरला चिकटला. पुढचं विचारू नका.

नोकरी जाहिरात संस्थेत, रात्रपाळीचा डिझायनर

कर्व्ह-कर्व्ह काय करता, पीडीएफ द्या ना! फॉन्ट फाइलीतच एम्बेड होतात आणि शुद्धलेखनाची चूक सापडली तर मूळ फाइल जिवंत राहते. कर्व्ह केलेल्या ‘आमत्रंण’चा अनुस्वार हातानं उचलून मागे न्यावा लागतो, मी नेलाय. मात्र पीडीएफची एक खोड आहे. कोरलमधली पडछाया आणि पारदर्शक थर पीडीएफ १.४ मध्ये, म्हणजे २००१ पासून, जसेच्या तसे राहतात, पण काही स्वस्त मशीन्स ते बघून गांगरतात आणि पडछायेभोवती पांढरा डबा छापतात. एक्स्पोर्ट करताना पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) निवडा, त्यात पारदर्शकता चालतच नाही, ती सपाट होऊनच बाहेर पडते. किंवा ती सावली तेवढी ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, करा. अक्षरं नको, फक्त सावली. आणि एखाद्या मशीनवर मात्रा गायब झाल्या तर ॲक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीत ‘प्रिंट ॲज इमेज’वर टिचकी. वेळ लागतो, पण मात्रा येतात.

लोकमान्यनगर, वरचीच

दादा, पीडीएफसुद्धा तो मुलगा कोरलमध्ये उघडतो. तिथेही सुधारतो.

रात्रपाळीचा डिझायनर

मग कर्व्ह करूनच पीडीएफ करा. हरलो.

लोणची-मसाल्यांचा घरगुती उद्योग

बरणीची लेबलं. तयार कापलेल्या स्टिकर शीटवर पहिली ओळ बरोबर, शेवटच्या ओळीत ‘कैरीचं लोणचं’ मधलं ‘चं’ शेजारच्या लेबलावर. प्रिंट खिडकीत ‘फिट’ होतं, त्यानं पान चोरून बारीक केलं होतं. ‘ॲक्चुअल साइझ’ करून आधी साध्या कागदावर काढा आणि शीटला लावून खिडकीच्या काचेवर धरा. लेझर कडेला चारेक मिलिमीटर सोडतोच, तिथे किनार आखू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, विशेषतः काळे वहिनींचे. यंदा पत्रिका पाठवण्याआधी कोरलच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं, तिथे वापरलेल्या फॉन्टची यादी येते. सगळं कर्व्ह केलेलं, तरी यादीत एक नाव: एरियल. अर्धा तास शोधलं. शेवटी पानाबाहेर, डाव्या कोपऱ्यात, एक रिकामी टेक्स्ट ओळ सापडली. आत एकच स्पेस होती.