मदत हवी आहे : डिजिटल फळ्यावर मुलांनाच काम करायला कसे लावावे?

नमस्कार. पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला गणित शिकवते. वर्गात डिजिटल फळा आहे आणि बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडवरून, २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक ऑनलाइन मंचावरील चित्रफितीही दाखवता येतात, परंतु चित्रफीत संपली की मुले उत्तर वहीत उतरवून मोकळी होतात, आणि मग खडू-फळ्यापेक्षा वेगळे काय घडले, असा प्रश्न पडतो. याउलट, जिओजेब्रा या आकृत्या काढून हलवता येणाऱ्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत नेला आणि परिकेंद्र (तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू) आतून सरकत काटकोनाच्या वेळी नेमके कर्णाच्या मध्यावर आले, तेव्हा मागच्या बाकावरून ‘मॅडम, अजून थोडे ओढा, बाहेर जाईल’ अशी हाक आली. मला हवे आहे ते हेच.

अडचण अशी की फळा एकच, मुले साठ आणि तास जेमतेम ३५ मिनिटांचा. जिओजेब्रा विनामूल्य आहे व इंटरनेटविनाही चालते, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही (तयार सामग्रीची महागडी पॅकेजे कृपया सुचवू नयेत). अशा वर्गात गट कसे पाडावेत, फळ्यापाशी नसलेल्या मुलांना त्याच वेळी कोणते काम द्यावे आणि मोबाइल न वापरता प्रत्येकाला कितपत समजले हे कसे तपासावे, याबाबत प्रत्यक्ष वर्गात करून पाहिलेले उपाय कृपया सांगावेत.